संगणकातील फाइल सापडत का नाही?

घरभाड्याचा करार किंवा विम्याचा कागद संगणकात साठवलेला असतो. पण ऐन वेळी शोध घेतला असता ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येते. फाइल हरवली असे समजून आपण नव्या प्रतीसाठी खटपट करू लागतो. प्रत्यक्षात ती अनेकदा जागेवरच असते. शोधयंत्रणेला मात्र तिचा पत्ता नसतो.

ॲपलने २००५ मध्ये आणलेली ‘स्पॉटलाइट’ असो वा २००७ च्या विंडोज व्हिस्टामधील शोधसुविधा, या यंत्रणा प्रत्येक वेळी सारी डिस्क धुंडाळत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची त्या आधीच तयार ठेवतात आणि उत्तर तिच्यातून देतात. त्यामुळे शोध झटपट होतो. परंतु जे सूचीत नाही, ते सहसा सापडतही नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘क्लासिक’ पर्याय निवडलेला असेल, तर मुख्यतः डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारख्या ठरावीक फोल्डरचीच सूची होते. ‘डी’ ड्राइव्हवरील कागदपत्रे त्यामुळे बाहेर राहू शकतात. सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्स्ड’ पर्याय निवडल्यास संपूर्ण संगणक सूचीत येतो. सुरुवातीला यास वेळ लागतो आणि बॅटरीही अधिक खर्च होते. सूचीच बिघडली असेल, तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील ‘रीबिल्ड’ने ती नव्याने तयार करता येते.

मराठी मजकुराची अडचण याहून निराळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये पडद्यावर ‘करार’ दिसत असले, तरी फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात. युनिकोडमध्ये टंकलेला ‘करार’ त्यांच्याशी जुळणार कसा? असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा लागतो. स्कॅन केलेला कागद तर संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. अक्षर-ओळख प्रक्रियेनंतरच त्यातील शब्द शोधता येतात.

हे सारे एका दिवसात होणे कठीण. निदान महत्त्वाच्या फाइलींना तरी ‘स्कॅन००१’ऐवजी विषय, व्यक्तीचे नाव आणि वर्ष सांगणारे युनिकोड नाव द्यावे. नंतर त्यातील एखादा शब्द शोधून पाहावा. गरज पडण्यापूर्वी केलेली ही छोटीशी परीक्षा पुढचा मनस्ताप टाळू शकते.