पन्नाशीच्या पाहुण्याने खेळायचं काय?

मंडळी, मालवणात होमस्टे चालवता ना? पावसात अडकलेले पाहुणे मोबाईलवर काय खेळतात, बघा. एक तर गोळीबार, नाहीतर रंगीत गोळ्या जुळवायच्या. मोठ्यांसाठी शांत, विचार करायला लावणारं फार थोडं. 2023 चा 'वेन्बा' बघा: कॅनडातली तमिळ आई, जुनी पाककृतींची वही, दुरावणारा मुलगा. मारामारी शून्य!

मराठीत असं काय? आपल्याच जिल्ह्यात, सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात. दहा अवतार, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. कुठलं पान पडलं, डोक्यात ठेवावं लागतं. पण आपण ती शोभेची वस्तू म्हणून विकतो. खेळायचं कसं, ते सांगतो कोण? एक संच आणा, नियम मराठीत छापा, संध्याकाळी डाव मांडून द्या. आणि कोडिंगवाल्या पोरांनो, हाच डाव मोबाईलवर कधी आणताय?