पात्याचा सूर आणि युक्तीच्या अटी

स्क्रोल सॉ या विजेवर चालणाऱ्या छोट्या करवतीचं पातं जेमतेम पाच इंच लांब आणि बहुधा मिलिमीटरभर रुंद असतं. मिनिटाला साधारण ४०० ते १८०० वेळा ते वर-खाली होतं. त्याचं एक टोक सोडवून फळीला पाडलेल्या बारीक भोकातून ते ओवता येतं, त्यामुळे कड न कापता फळीच्या मधोमध जाळी, अक्षरं, पानंफुलं कोरता येतात. या यंत्राचा छंद असलेली माणसं एकमेकांना सतत युक्त्या सांगत असतात. पातं बोटाने छेडून पाहा, उंच सूर निघाला पाहिजे. लाकूड करपत असेल तर वरून पॅकिंग टेप चिकटवा. फळी सरळ न सरकवता किंचित तिरकी धरा. अशा युक्त्या कुणी गुरुमंत्रासारख्या जपतो, तर कुणी त्यांना अडाणी तोडगे समजून सोडून देतो. दोघांचंही काहीतरी निसटतं. प्रत्येक युक्तीत पदार्थाच्या वागण्याविषयी एक दावा दडलेला असतो आणि तो दावा काही अटींवरच खरा असतो. त्या अटी सोबत दिल्या, तरच युक्ती एका हातातून दुसऱ्या हातात शाबूत पोचते.

पात्याच्या सुरापासून सुरुवात करू. नवख्याला हा सल्ला गमतीचा वाटतो, पण त्यामागचा नियम मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्येच मांडला होता. ताणलेल्या तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मध्य सप्तकातल्या षड्जावरून तार सप्तकातल्या षड्जावर जायचं, तर त्याच तारेवरचा ताण चौपट करावा लागतो. तंबोऱ्याच्या तारेला लागू असलेला हा हिशेब दोन टोकांना पकडलेल्या पात्यालाही बऱ्याच अंशी लागू पडतो. त्यातली खरी सोय पुढेच आहे. रुंद पातं जड असतं, म्हणून त्याच सुरासाठी त्याला जास्त ओढावं लागतं. पण त्याचं क्षेत्रफळही त्याच प्रमाणात जास्त असतं. वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही हिशेबातून बाहेर पडतात आणि उरतो तो पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण. पातं टिकणार की तुटणार हे या ताणावर बरंचसं ठरतं, आणि नेमका तोच कानाला ऐकू येतो. म्हणून बारीक आणि रुंद अशा दोन्ही पात्यांसाठी एकच सूर सांगणारा माणूस नकळत अतिशय काटेकोर गोष्ट सांगत असतो. अट एकच, पात्याची दोन पकडींमधली मोकळी लांबी तेवढीच हवी. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात ती लांबी वेगळी असेल, तर तोच सूर वेगळा ताण दाखवेल. ही अट गाळली की चांगला सल्ला घेऊनही पाती तुटत राहतात. नाहीतर ती सैल राहून जाड लाकडात मागे वाकतात आणि काप उभा न उतरता पोटात फुगतो.

फळी तिरकी धरण्याच्या सल्ल्याचंही असंच आहे. पुष्कळ पात्यांचे दाते यंत्रावर खोदून काढतात, तेव्हा धातूची सूक्ष्म कोर एका बाजूला उरते. ती बाजू थोडी अधिक धारदार होते आणि पातं सहसा उजवीकडे ओढ घेतं. फळी काही अंश फिरवून धरली की ती ओढ निकालात निघते. पण ज्या पात्यांचे दाते घासून धार लावलेले असतात, त्यांत ही कोर फारशी उरत नाही. तिथेही सवयीने फळी तिरकी धरली, तर आधी नसलेली चूक आपणच निर्माण करतो.

आता करपण्याकडे वळू. इथे युक्ती आणि तिचं स्पष्टीकरण वेगळं का तपासावं, हे चांगलं दिसतं. लाकूड २०० अंश सेल्सिअसच्या पुढे रासायनिकदृष्ट्या विघटित होऊ लागतं. घर्षणाची उष्णता कापाच्या चिंचोळ्या फटीत तयार होते आणि तिला पळायला जागा नसते, कारण लाकूड पोलादाच्या शेकडो पट कमी उष्णतावाहक आहे. त्यातच स्क्रोल सॉचा फेरा सुमारे २० मिलिमीटरचा. पट्टा करवतीचं लांब पातं फिरता फिरता निवतं. इथे तेच मोजके दाते पुन्हा पुन्हा त्याच फटीतून जातात, तापतात आणि बोथट होतात. बोथट दाता कापण्याऐवजी घासतो आणि उष्णता आणखी वाढवतो. पारदर्शक पॅकिंग टेप लावल्यावर अमेरिकन चेरीसारखी चटकन करपणारी लाकडंही बरीच स्वच्छ कापली जातात, असा अनेकांचा अनुभव आहे. टेप गुंडाळीवरून सहज सुटावी म्हणून तिच्या पाठीवर निसरडा लेप असतो आणि तो पात्याला वंगण पुरवतो, असं कारण सांगितलं जातं. कारण पटण्यासारखं आहे, पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. ते तपासणं मात्र घरच्या घरी जमतं. एकाच फळीचे तीन भाग करावेत. एकावर टेप, दुसऱ्यावर मेण, तिसरा कोरा. प्रत्येकासाठी त्याच जातीचं नवं पातं, तोच वेग आणि तेच वळण ठेवावं. वंगणाचं कारण खरं असेल, तर मेणानेही करपणं कमी व्हायला हवं. मेणाने काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. दोन्ही निकालांतून हातात काहीतरी येतं. कारण कळलं, की टेप नसताना काय वापरायचं तेही कळतं.

पाती आणि टेप कारखान्यात एकसारखी बनतात, लाकूड मात्र कधीच एकसारखं नसतं. रेशांच्या दिशेने ते कमालीचं चिवट असतं, तर रेशांना आडवं ओढलं की त्याच्या कित्येक पट कमी जोरात फाटतं. जाळीतला एखादा नाजूक दुवा रेशांना आडवा आला, तर तो हातात मोडणारच. पातळ थर आलटून-पालटून आडवे-उभे चिकटवलेलं प्लायवूड अशा कामात म्हणूनच सोयीचं ठरतं. त्यात पुन्हा हवा आणि ओलावा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली, तर लाकडातला ओलावा हळूहळू १६ टक्क्यांजवळ स्थिरावतो. आर्द्रता २५ टक्क्यांवर उतरली, तर तो पाचाच्या घरात येतो. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात बेतशीर बसवलेला नक्षीचा तुकडा विदर्भातल्या उन्हाळ्यात खडखडू लागेल. फार न आकसणारं लाकूड म्हणून नावाजलेलं सागवानही याला अपवाद नाही. वर्षवलयांना समांतर दिशेने त्याची १०० मिलिमीटर रुंदी एवढ्या फरकाने जवळपास दोन मिलिमीटर घटते. वलयांना छेदणाऱ्या दिशेने ही घट त्याच्या साधारण निम्मी असते. शिवाय सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. थंड, कोरड्या देशातल्या कारागिराने चेरीवर पारखलेली युक्ती चिपळूणच्या सागावर जशीच्या तशी उतरेल, अशी अपेक्षा ठेवायला काही आधार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सुतारांच्या पिढ्यान्‌पिढ्या अनुभवावर चालत आल्या. त्यांना कारणं आणि टक्केवारी कुठे लागली? अनुभवाचं मोल खरंच मोठं आहे. पण तो अनुभव एका मुलखातल्या ठरावीक लाकडांचा आणि ठरावीक हवेचा होता. शिष्य त्याच अंगणात शिकत असल्याने अटी वेगळ्या सांगाव्या लागत नव्हत्या. आज सल्ला देणारा आणि घेणारा यांच्यात समुद्र असू शकतो. शिवाय ज्या परिणामांना यायला दशकं लागतात, ते अनुभवाला दिसतच नाहीत. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या-फर्निचर बनवणाऱ्यांचं जुनं गाव. तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांना फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळला. डोनाल्ड ॲचिसन आणि हॅडफील्ड यांच्यासह सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. आयुष्यभर भुशात वावरलेल्या कुशल कारागिरांना हा संबंध कळला नव्हता, कारण कारण आणि परिणाम यांत वर्षानुवर्षांचं अंतर होतं. छंद करणाऱ्याच्या नाकात जाणारी धूळ कारखान्यातल्या मानाने खूप कमी असते, हे खरं. पण रेघ दिसावी म्हणून स्क्रोल सॉची छोटी फुंकणी हीच बारीक धूळ हवेत उडवते. म्हणून 'इतकी वर्षं मास्क न लावता कापतोय, काही झालं नाही' हा सल्ला अनुभवाचा असला तरी घेऊ नये. धूळ ओढणारी नळी आणि नीट बसणारा एन-९५ मास्क यांबाबत पुरावाच ऐकावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हाताचं कौशल्य शब्दांत सांगता येत नाही, मग अटी कितीही लिहिल्या तरी काय उपयोग? यात तथ्य आहे आणि ते फक्त सुतारकामापुरतं नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी २००१ मध्ये नीलमण्याच्या स्फटिकांवरच्या मापनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छेडल्यावर स्फटिक किती वेळ निनादत राहतो याची मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी केलेली मापनं पाश्चात्त्य प्रयोगशाळांना सुमारे २० वर्षं जमली नव्हती. अडचणीचा मोठा भाग स्फटिक टांगायच्या धाग्यात होता: तो कशाचा असावा, कसा आवळावा, त्याला किती वंगण लावावं. मॉस्कोतले लोक कधी धागा स्वतःच्या नाकावरून ओढून तेलकट करत. ग्लासगोच्या गटाला हे रशियन सहकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष काम केल्यावर उमगलं. म्हणजे अव्वल भौतिकशास्त्रज्ञांनाही युक्त्या लागतात आणि त्या कागदावर पुऱ्या उतरत नाहीत. पण याच उदाहरणात उत्तरही आहे. धाग्याला वंगण लागतं ही गोष्ट शब्दांत सांगता येण्याजोगी होती. ती क्षुल्लक वाटली, म्हणून शोधनिबंधांत नीट आली नाही. फळी सरकवताना बोटांना जाणवणारा विरोध लिहून देता येणार नाही. पात्याचा क्रमांक, लाकडाची जात, जाडी, वेग आणि हवेचा ऋतू मात्र लिहिता येतो. जे सांगता येत नाही त्याची सबब पुढे करून जे सांगता येतं तेही गिळून टाकू नये.

तिसरा आक्षेप आपुलकीतून येतो. दिवसभराच्या धावपळीनंतर माणूस चार घटका लाकडात रमतो, त्याच्या छंदाची प्रयोगशाळा कशाला करायची? कुणावर नोंदवह्यांची सक्ती करण्याचा इथे प्रश्नच नाही. स्वतःपुरतं कापणाऱ्याने हवं तसं कापावं. पण सल्ला दिला की दुसऱ्याचं लाकूड, पैसा आणि बोटं त्यात गुंततात, आणि तिथून थोडी जबाबदारी सुरू होते. ती पेलायला फार काही लागत नाही. कापून उरलेल्या तुकड्यावर पेन्सिलीने पात्याचा क्रमांक, वेग आणि तारीख लिहून ठेवली, तरी वर्षभरात एक उत्तम संग्रह तयार होतो. त्यात फसलेले तुकडे जरूर ठेवावेत, कारण युक्ती कुठे चालत नाही हे फक्त तेच सांगतात. यशाचेच किस्से फिरत राहिले, तर प्रत्येक युक्ती रामबाण वाटू लागते.

तुलनेचा समान आधार धरला की विखुरलेली माहिती किती कामाची होते, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या चाचण्या घेतल्या आणि सागवानाचे गुण १०० मानून इतर लाकडांची त्याच्याशी तुलना मांडली. सागावर हात बसलेल्या माणसाला अनोळखी लाकडाचा अंदाज त्यातून घेता येतो. छंद करणाऱ्यांनाही हीच रीत उचलता येईल. चाचणीसाठी सगळ्यांनी एकच साधी आकृती, एकाच जाडीचा सागाचा तुकडा आणि एकाच क्रमांकाचं पातं ठरवावं, आणि आपली नवी युक्ती त्या संचाशी ताडून मगच सांगावी. मग 'टेप लावा' या दोन शब्दांच्या जागी असा सल्ला येईल: '१८ मिलिमीटर सागावर, पाच नंबरच्या पात्याने, मध्यम वेगात टेपने करपणं थांबलं; बारा मिलिमीटर प्लायवूडवर काहीच फरक पडला नाही.' वाक्य लांबलं खरं, पण ते वाचणारा परभणीत असो की पोर्टलंडमध्ये, आपल्या फळीला ते लागू पडेल का हे तो स्वतः ठरवू शकेल आणि चुकीचं निघालं तर सप्रमाण सांगूही शकेल. दुसऱ्याला तपासता येईल आणि दुरुस्त करता येईल अशा रीतीने सांगणं, हाच विज्ञानाचा पाया आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; आपला सल्ला कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा लागतो.