फुल रिअलचा जमाना

'आयएल-टू स्टर्मोविक' हा विमानयुद्धाचा संगणकावरचा खेळ नोव्हेंबर 2001 मध्ये बाजारात आला. यंदा त्याला 25 वर्षं होतील. नुसत्या वाढदिवसापायी मी लिहायला बसलो नसतो. पण आज ऑनलाइन विमानयुद्धाकडे वळणाऱ्या पोरांपुढे काय वाढून ठेवलंय ते बघितलं की चीड येते. एकीकडे माउसने नेम धरा, विमान आपोआप सावरेल, मात्र पुढचं विमान हवं तर महिनोन्‌महिने गुण साठवत बसा. दुसरीकडे एकेका विमानासाठी साठ-सत्तर डॉलर मोजा आणि इंजिन सुरू करायलाच जाडजूड पुस्तिका पाठ करा. या दोहोंच्या मध्ये 'आयएल-टू'ची एक ऐसपैस जागा होती. आम्ही तिथे दहा वर्षं उडलो.

त्याआधीचा इतिहास झरझर सांगतो. 1980 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत 'जीनी' या ऑनलाइन सेवेवर केस्माई कंपनीचं 'एअर वॉरिअर' तासाचे पैसे मोजून खेळलं जायचं. पुढे त्यात काटेकोर उड्डाणाचा आखाडा वेगळा आणि सैल नियमांचा वेगळा झाला. मग 'वॉरबर्ड्स', 'एसेस हाय'. आपल्याकडे तेव्हा डायल-अप कुरकुरत होता. आमच्यासाठी ही सगळी मासिकांतली चित्रं होती.

2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं आणि चित्र पालटलं. त्यांच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडला मर्यादा नव्हती. आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे हिवाळ्यात मध्य युरोपात साडेनऊ, म्हणजे आयएल-टूचे खेळाडू जिथे जमायचे त्या 'हायपरलॉबी'वरचे सर्व्हर नेमके गच्च भरलेले. पुण्यातल्या खोलीत दिवा मालवून, हेडफोन लावून आम्ही पोलिश, जर्मन, इटालियन पोरांबरोबर कुबानवर किंवा इंग्लिश खाडीवर असायचो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, एवढा, की समोरचं विमान उड्या मारत जायचं. जास्त पिंगवाल्याला सर्व्हर हाकलून द्यायचा, तेव्हा पुन्हा रांगेत.

आयएल-टूचं खरं वैभव विमानांच्या लांबलचक यादीत नव्हतं. ते डिफिकल्टीच्या एका पडद्यावर होतं. स्टॉल आणि स्पिन, ब्लॅकआउट, इंजिन तापणं, मर्यादित गोळ्या, मर्यादित इंधन, कॉकपिट कायम, बाहेरून बघायला बंदी, विमानाची ओळख सांगणारे आयकॉन नाहीत: प्रत्येकाला वेगळा स्विच. सर्व्हर चालवणारा ते लावायचा आणि खेळणारे आपापल्या मगदुराप्रमाणे सर्व्हर निवडायचे. वास्तव किती आणि मजा किती, हा तोल ज्याच्या त्याच्या हातात होता.

आणि वास्तवामुळे मजा मारली जाते, हे मला कधीच पटलं नाही. इंजिन 110 टक्क्यांवर रेटलं की थोड्याच वेळात ओव्हरहीटची सूचना यायची. रेडिएटर उघडावा तर वेग घटतो, न उघडावा तर इंजिन जातं. मागे लागलेल्याचीही तीच गत, म्हणजे आधी कोण ढिला पडतो याचीच लढाई. सुरुवातीच्या जपानी झीरो विमानाला 20 मिलिमीटरच्या दर तोफेमागे फक्त 60 गोळ्या. सात-आठ सेकंदांत खेळ खलास, म्हणून बोट आवरायला शिकावं लागे. स्पिटफायर आतल्या अंगाने वळतं, तर जर्मन 109 वाल्याने उंची राखून झडप घालावी आणि वर निघून जावं. ही बंधनं काढून टाकली की उरतो तो गोल गोल फिरण्याचा कंटाळा.

पण त्या दशकातला एक हिशेब बाकी आहे. 'फुल रिअल' म्हणजे आयकॉन बंद, एवढंच समजणाऱ्या सोवळ्या मंडळींनी नव्या पोरांना फार हिणवलं. 1024 बाय 768 च्या पडद्यावर लांबचं विमान म्हणजे एक ठिपका. त्याचा आकार, त्यावरची चमक, त्याचं वळणं, जे खऱ्या वैमानिकाच्या डोळ्याला दिसायचं, त्यातलं काहीच तिथे नव्हतं. ठिपका मोठा दिसावा म्हणून हीच मंडळी मुद्दाम रिझोल्यूशन खाली आणायची! जवळ आल्यावरच दिसणारा छोटा आयकॉन जास्त खरा होता. वैमानिकाला आंधळं करणं म्हणजे वास्तव नव्हे, हे तेव्हाही ओरडून सांगितलं, आजही सांगतो.

2007 च्या सुमारास खेळाच्या फायली फोडल्या गेल्या. फायली बदलून खेळणारे मोडवाले एकीकडे, मूळ खेळवाले दुसरीकडे. कोण फसवतंय याचा संशय वाढला आणि सर्व्हर ओस पडू लागले. 2011 मध्ये आयएल-टू घडवणाऱ्या ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूचा 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' अर्धाकच्चा आला. आमच्यातले कित्येक तिथेच थांबले.

2012 मध्ये 'वॉर थंडर' खुला झाला. फुकट खेळता येत असल्याने लाखो लोक आले, त्याचा आनंदच आहे. आर्केड, रिअलिस्टिक, सिम्युलेटर असे तीन प्रकारही दिले. पण तोल साधायचं काम खेळणाऱ्यांकडून निघून दुकानाकडे गेलं. कोणतं विमान कोणाशी भिडणार, हे खेळाडूंच्या कामगिरीच्या आकड्यांवरून ठरतं; 1943 च्या आघाडीवर कोण कोणासमोर होतं, याला तिथे किंमत नाही. मे 2023 मध्ये दुरुस्तीचे खर्च आणि कमाई यांवरून खेळाडूंनी स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे कंपनीने हे गणित सुधारण्याचं आश्वासन दिलं. त्या सगळ्या भांडणात वाऱ्याचं, ट्रिमचं, स्टॉलचं नाव फारसं निघालंच नाही. दुसऱ्या टोकाच्या 'डीसीएस' या खेळाने वास्तव जपलं, पण त्यातलं बरंचसं बटणांच्या संख्येत गेलं. शत्रूशी गाठ पडेपर्यंत अर्धा तास जातो. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याने काय करावं?

आता आयएल-टूच्याच नावाने कोरियन युद्धावरचा खेळ जाहीर झाला आहे. मिग-15 आणि सेबर मलाही उडवायचे आहेत. पण मी आधी दोनच गोष्टी बघणार: सर्व्हर आपला आपण चालवता येतो का, आणि तो जुना पडदा, सगळ्या स्विचांसकट, परत दिलाय का. नसेल तर माझे पैसे खिशातच राहतील.