साशाने दिलेला शब्द

मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत शिकत असताना आंद्रेई तारकोव्हस्की यांनी सहाध्यायी कोंचालोव्हस्की यांच्यासह आपल्या पदवीपटाची संहिता लिहिली. १९६१ साली पुऱ्या झालेल्या या पटाचे नाव ‘रोडरोलर आणि व्हायोलिन’. व्हायोलिन शिकणारा सात वर्षांचा साशा आणि रोलर चालवणारा सर्गेई यांची एका दिवसाची मैत्री, एवढेच कथानक.

प्रेरणा होती फ्रान्सच्या लामोरिस यांच्या १९५६ मधील ‘लाल फुगा’ या लघुपटाची. तेथे एकाकी मुलाचा सोबती फुगा आहे. येथे कष्टकरी माणूस. उदासीचा सूर मात्र बहुधा घरातून आला असावा. तारकोव्हस्की बालपणी पियानो शिकले होते आणि त्यांचे कवी वडील ते लहान असतानाच घर सोडून गेले होते. साशाचे वडीलही पटात कोठे दिसत नाहीत.

सायंकाळी दोघांनी चित्रपटाला जायचे ठरवलेले असते. आई साशाला सोडत नाही. तो चिठ्ठीचे विमान करून खिडकीतून उडवतो. सर्गेईला ते दिसतच नाही. आई दुष्ट नाही; मुलाने कोणाला शब्द दिला आहे, याचे मोल तिला उमगत नाही, इतकेच. तोंडी शब्दावर व्यवहार करणाऱ्या घरांनी मुलांच्या शब्दाचाही मान राखावा.