बाळाच्या लाळेचे पुरळ: समजुती आणि वस्तुस्थिती

तान्ह्या बाळाच्या हनुवटीवर, ओठांभोवती, गालांच्या खालच्या भागावर आणि मानेच्या वळ्यांमध्ये त्वचा लालसर व खरखरीत होऊन तिच्यावर बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या, की घरोघरी या पुरळाची निरनिराळी कारणे सांगितली जातात. कोणी त्याला अंगातील उष्णता मानते, कोणी दात येण्याची खूण, तर कोणी स्तनदा आईचे पथ्य चुकल्याचा परिणाम. पुष्कळदा खरे कारण मात्र बाळाच्या तोंडातून ओघळत असते, ते म्हणजे लाळ. वैद्यकात या पुरळाची गणना क्षोभजन्य त्वचादाहात होते, म्हणजे ॲलर्जी किंवा जंतुसंसर्ग नसताना, एखाद्या पदार्थाच्या सततच्या संपर्कामुळे आणि घर्षणामुळे त्वचेची जी झीज होते तिच्यात. हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण निदान चुकले की उपायही चुकतो, आणि या पुरळाच्या बाबतीत चुकीचा उपाय मूळ दुखण्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकतो.

लाळेत सुमारे 99 टक्के पाणीच असते, मग तिने त्वचा का बिघडावी, असा प्रश्न साहजिक आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो मृत पेशींच्या चपट्या थरांचा बनलेला असून त्या पेशींना सांधणारे स्निग्ध पदार्थ त्यांच्यामध्ये भरलेले असतात. हा थर तासन् तास ओला राहिला की पेशी फुगतात व त्यांच्यामधील सांधे सैल होतात, आणि ओलावा वाऱ्याने सुकताना त्वचेचा स्वतःचा ओलसरपणाही सोबत निघून जातो. दिवसभरात असे भिजणे आणि सुकणे अनेकदा घडते. बाळाचा शृंगस्तर प्रौढांच्या मानाने पातळ असतो आणि त्यातून पाणी लवकर उडते. शिवाय त्वचेचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, साधारण 5 ते 5.5 असा किंचित आम्लधर्मी असावा लागतो, तर लाळेचा सामू 7 च्या आसपास असतो, आणि तिच्यात पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करणारे अमायलेजसारखे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनेही असतात. अशा भिजून कमकुवत झालेल्या त्वचेवर आईच्या खांद्याचे कापड, चोखणीची कड किंवा दुपट्याची किनार घासली, की पुरळ उमटते.

लाळ का गळते, याविषयी महाराष्ट्रात फार जुनी समजूत आहे, ती अशी की गरोदरपणी आईचे डोहाळे पुरवले गेले नाहीत तर मुलाची लाळ गळते. या समजुतीला शरीरशास्त्राचा कोणताही आधार नाही, आणि तिचा खरा जाच बाळाला नव्हे तर आईला व तिच्या सासर-माहेरच्या माणसांना होतो, कारण ‘डोहाळे पुरवले नाहीत का?’ या चारचौघांत विचारलेल्या एका प्रश्नातून कोणाच्या तरी हयगयीचा ठपका सूचित होत असतो. वस्तुस्थिती अशी की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या लाळग्रंथी अधिक काम करू लागतात, पण लाळ गिळण्याचे आणि ओठ मिटून धरण्याचे कसब मात्र हळूहळू येते, आणि त्यातच बाळ मुठी तोंडात घालू लागते. तयार होणारी लाळ आणि गिळली जाणारी लाळ यांतील हा फरक हनुवटीवरून वाहतो. बहुतेक मुलांत तो दीड ते दोन वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. चौथ्या वर्षानंतरही लाळ सतत गळत असेल, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

लाळ सुरू झाली म्हणजे दात आलाच, हाही तितकाच पक्का गैरसमज आहे. पहिला दात सामान्यतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो, काहींना वर्ष लागते. म्हणजे लाळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. दाताच्या वेळी ती वाढते, हे मात्र खरे. ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 125 बाळांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात लाळ, हिरड्या चोळणे, चिडचिड आणि चेहऱ्यावरील पुरळ यांचा दात फुटण्याच्या दिवसांशी संबंध आढळला, पण मोठ्या तापाचा आढळला नाही. त्यामुळे 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप असताना ‘दात येताहेत’ म्हणून वाट पाहत बसणे धोक्याचे आहे, आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाला इतका ताप असेल तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे नेले पाहिजे. दातांसाठी म्हणून टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळण्याची चाल काही घरांत आजही आहे; ती तत्काळ थांबवावी, कारण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या शरीराला विषारी असतो, आणि वर्षाच्या आतील बाळाला मधातूनही बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. हनुवटीच्या पुरळावर मध लावण्याचा सल्लाही याच कारणाने त्याज्य आहे, कारण बाळ तो चाटणारच.

पुरळ म्हणजे अस्वच्छता, असे समजून ते वारंवार साबणाने धुणे किंवा सुगंधी ओल्या रुमालांनी पुसणे, ही सद्हेतूने होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणावी लागेल. साबण त्वचेतील स्निग्ध पदार्थ काढून टाकतो आणि सुगंधी द्रव्ये सोललेल्या त्वचेला झोंबतात. दूध पाजल्यावर किंवा भरवल्यावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ सुती कापडाने ती जागा टिपावी, मग कोरड्या कापडाने पुन्हा टिपावी, म्हणजे कापड त्वचेवर ठेवून हलकेच दाबावे आणि उचलावे. ते घासत नेऊ नये. जुन्या सुती साडीचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा या कामाला उत्तम.

ओलावा शोषून घेईल म्हणून हनुवटीला व मानेला पावडर लावली जाते, परंतु टाल्कम पावडर म्हणजे शंखजिऱ्याची अतिसूक्ष्म पूड असून ती नाकातोंडाच्या इतक्या जवळ उडाली तर श्वासावाटे फुप्फुसांत जाते. शिवाय लाळेत भिजून तिचे गोळे वळ्यांमध्ये बसतात आणि तेच घासू लागतात. वेखंडाच्या पुडीलाही हा आक्षेप लागू आहे. हळद, डाळीचे पीठ व उटणी निरोगी त्वचेला मानवत असली तरी फुटलेल्या त्वचेवर ती खरखर आणि दाह वाढवतात. तीट लावायचेच असेल तर निदान ते पुरळावर लावू नये, कारण काही काजळांमध्ये शिसे आढळले आहे.

खरा उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसणे अवघड जाते. त्वचा टिपून पूर्ण कोरडी झाल्यावर तिच्यावर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. हा थर त्वचेला काही ‘पोसत’ नाही, तो फक्त लाळ बाहेर आणि त्वचेचा ओलावा आत रोखून धरतो. जेलीने त्वचेची छिद्रे बुजून ती गुदमरते, ही भीती निराधार आहे, कारण त्वचेला लागणारा प्राणवायू मुख्यतः रक्तातून मिळतो. पुरळ दिसल्यावर दिवसातून एकदा भरपूर जेली थापण्यापेक्षा प्रत्येक दूध-जेवणाआधी आणि झोपवण्याआधी थोडी लावणे कितीतरी अधिक गुणकारी ठरते, कारण झोपेत लाळ गालाखाली तासन् तास साचते. खोबरेल तेल सौम्य असले, तरी ते जेलीइतके टिकत नाही. मोहरीचे तेल मात्र या जागी टाळावे. एवढे केल्यास साधे पुरळ काही दिवसांत ओसरू लागते.

मानेच्या वळ्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, कारण तिथे लाळ आणि दूध उतरते, घाम मिसळतो आणि हवा पोचत नाही. न्हाऊ घातल्यावर हनुवटी अलगद वर उचलून प्रत्येक वळी उघडून कोरडी करावी. गळ्यातील काळा गोफ किंवा ताईत सतत ओला राहून त्वचेला घासतोच, शिवाय गळ्याभोवतीच्या कोणत्याही दोऱ्यात फास बसण्याचा धोका असतो. लाळेरे सुती असावे, ओले होताच बदलावे आणि झोपवताना काढावे. प्लॅस्टिकचे अस्तर छातीवरचे झबले कोरडे ठेवते खरे, पण ते खाली घाम अडवते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा लाळेरी नीट खळबळून, साबणाचा अंश न ठेवता धुवावीत आणि इस्त्री फिरवून वापरावीत.

सहाव्या महिन्यानंतर वरण-भातासोबत टोमॅटोचे सार किंवा संत्र्याचा रस सुरू झाला, की तोंडाभोवती लाली दिसते आणि त्या पदार्थाची ॲलर्जी ठरवून तो कायमचा वर्ज्य केला जातो. आंबट रस लाळेने झिजलेल्या त्वचेला झोंबतो, इतकाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. खऱ्या ॲलर्जीत पुरळाच्या गांधी अंगावर इतरत्रही उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात किंवा धाप लागते, आणि तेव्हा त्वरित रुग्णालय गाठावे.

सर्वांत गंभीर चूक औषधाच्या दुकानात होते. शेजारणीच्या बाळाला गुण आलेले मलम मागून आणले जाते, आणि त्यात बहुधा स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असतात. लाली दोन दिवसांत जाते, मलम थांबवले की दुपटीने परतते, आणि चेहऱ्याची कोवळी त्वचा आणखी पातळ होत जाते. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने 2018 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा वर्गात घातली, ती उगाच नव्हे.

आठवडाभर निगा राखूनही पुरळ हटत नसेल, त्यावर मधाच्या रंगाची खपली धरत असेल, पुवाळलेल्या पुटकुळ्या किंवा पाण्याच्या फोडांचे झुबके येत असतील, मानेची वळी लालभडक होऊन तिला दुर्गंधी येत असेल किंवा तिच्या कडेने लाल ठिपके पसरत असतील, तर तो जंतूंचा अथवा बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला डॉक्टरांनी दिलेले औषधच लागते. आणि एरवी बेताचीच लाळ गळणाऱ्या बाळाची लाळ एकाएकी वाढून त्याला गिळता येत नसेल, ताप असेल, किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर तो प्रश्न त्वचेचा राहत नाही. घशाला सूज आल्याचे किंवा काही अडकल्याचे ते लक्षण असू शकते, आणि अशा वेळी कोणताही घरगुती उपाय न करता बाळाला थेट रुग्णालयात न्यावे.