नळी लावलेला पेला

संपादकांनी अपंग कैद्यांच्या सोयींवर लिहायला सांगितलं, तेव्हा कायद्याची पुस्तकं उघडण्याआधी मी एक वस्तू हातात घेऊन पाहिली. सिपर. घाटकोपरला किंवा मुलुंडला सर्जिकलच्या दुकानात सहज मिळतो. दोन कानांचा पेला, वर घट्ट झाकण, झाकणातून आलेली नळी. पार्किन्सन्स झालेल्या माणसाचा हात थरथरतो. साधा पेला ओठांपर्यंत येईतो निम्मं पाणी अंगावर सांडतं. इथे कान दोन्ही हातांनी धरता येतात, झाकण सांडू देत नाही, आणि नळीमुळे मान मागे टाकावी लागत नाही. इतक्याशा रचनेमुळे माणूस स्वतःच्या हाताने पाणी पितो.

हा पेला मागण्यासाठी मुंबईत विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला होता. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांना भीमा कोरेगाव प्रकरणात 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीतून अटक झाली, तेव्हा ते 83 वर्षांचे होते. पार्किन्सन्स होता, दोन्ही कानांनी ऐकू कमी येत होतं. अटकेच्या वेळी आपली नळी आणि सिपर जप्त झाल्याचं सांगत त्यांनी तळोजा कारागृहातून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते परत मागितले. राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) उत्तरासाठी वीस दिवस घेतले आणि या वस्तू आपण जप्त केल्याच नाहीत, असं सांगितलं. मग नव्याने अर्ज, कारागृहाकडून खुलासा. देशभरातून लोकांनी तळोज्याला सिपर पाठवले. पुढे कारागृहाने सिपर दिल्याचं सांगितलं.

त्या बराकीत खरी सोय माणसांनी केली. सहआरोपी अरुण फरेरा त्यांना जेवायला मदत करत, अंधेरीचे व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालत. मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो. पण शेजारचा कैदी चांगला निघाला, हा बंदोबस्त नव्हे. मे 2021 मध्ये स्टॅन यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं, आलो तेव्हा चालत होतो, लिहीत होतो, हाताने जेवत होतो. आता जमत नाही. न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. 5 जुलै 2021 रोजी तिथेच ते गेले. कोविडही झाला होता. सिपर उशिरा मिळाल्याने मृत्यू आला, असं मी म्हणणार नाही. मात्र त्यांना पाणी पिण्यासाठी तारखेची वाट पाहावी लागली, हा अन्याय त्या मृत्यूशिवायही पुरेसा आहे.

कायदा तेव्हाही होता. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाजवी सोय नाकारण्याला भेदभावच म्हणतो. जुलै 2025 मध्ये कारागृहातल्या अपंगांच्या गैरसोयींबाबतच्या मुरुगानंतम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या कारागृहांसाठी आदेश दिले: दाखल करतानाच अपंगत्वाची विचारणा, व्हीलचेअर जाईल असे रस्ते आणि शौचालयं, ब्रेल आणि सांकेतिक भाषेतून नियमांची माहिती, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. वर्षअखेरीस हे आदेश सर्व राज्यांना लागू झाले.

माझी काळजी इथून सुरू होते. आर्थर रोड कारागृहात अधिकृत क्षमतेच्या कित्येक पट माणसं राहतात. जिथे कूस बदलायला जागा नाही, तिथे व्हीलचेअर कुठे वळवायची? काठी आणि कुबडी यांच्याकडे पहारेकरी आधी हत्यार म्हणून पाहतो, हे सुरक्षेच्या दृष्टीने समजू शकतं. पण ती काढून घेतल्यावर त्या माणसाने शौचाला कसं जायचं, याचं उत्तर त्याच पहारेकऱ्याकडे असायला हवं. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की हजेरीची हाक ऐकू येत नाही, आणि ओ न देणारा कैदी उर्मट ठरतो. कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था वांद्र्यातच आहे; दुभाषे घडवणारं ज्ञान या शहरात आहे, ते कारागृहाच्या दारापर्यंत नेणारी रोजची व्यवस्था हवी. अशी व्यवस्था नसताना नागपूर कारागृहाच्या उच्च सुरक्षेच्या अंडा सेलमध्ये व्हीलचेअरवर वर्षं काढलेले प्रा. जी. एन. साईबाबा मार्च 2024 मध्ये निर्दोष सुटले आणि त्याच ऑक्टोबरात वारले.

म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या कोर्टांत उभ्या राहणाऱ्या वकिलांना आणि नातेवाइकांना एक विनंती. पहिल्याच रिमांडला अपंगत्व तोंडी सांगून थांबू नका. लागणारी वस्तू नावानिशी अर्जात लिहा, प्रमाणपत्र जोडा, ते आदेशात नोंदवून घ्या आणि आदेशाची प्रत कारागृहाच्या अधीक्षकांकडे पोहोचवा. वकील परवडत नसेल तर मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंग व्यक्तीला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे.