बाबा, जरा बाजूला व्हा!

गेल्या वर्षी आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी उतरली, आजीचा पाट उतरला, आणि सगळ्यांत शेवटी बिस्किटांचे पत्र्याचे तीन डबे खाली आले. उघडून पाहतो तर एकात निगेटिव्हच्या पट्ट्या, दुसऱ्यात कोडॅकच्या स्लाइड्स आणि तिसऱ्यात आकड्यांनी गच्च भरलेल्या चार वह्या.

"काका, हे काय आहे? टाकून द्यायचं ना?" पुतणीनं विचारलं.

"इंजिनं आहेत," मी म्हटलं.

"कसली इंजिनं?"

आता हे एका वाक्यात कसं सांगणार? म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे. आपल्या मंडळातल्या तरुण मुलांनी वाचावं ही इच्छा. तुमच्या फोनमध्ये आज जेवढे फोटो असतील, तेवढे मी सहा वर्षांत मिळूनही काढले नव्हते.

१९७६ साली मी बारा वर्षांचा होतो. बाबा डॉक्टर. त्यांना इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या डॉन्कास्टर गावाजवळ नोकरी मिळाली आणि आमचं बिऱ्हाड बडोद्याहून तिकडे गेलं. तोवर माझं जग म्हणजे रावपुरा, शेव-उसळ, सयाजीबागेतली छोटी गाडी आणि संध्याकाळी अंगणात आजीच्या गोष्टी. तिकडे गेल्यावर चार वाजता अंधार, शेजारी कोणी ओळखीचं नाही, आणि शाळेत माझ्या नावाचा उच्चार कोणालाच जमेना. बाबांच्या रात्रपाळ्या, आई दिवसभर घरात एकटी. मी शाळेतून यायचो आणि खिडकीत बसायचो.

आमच्या घरापासून स्टेशन चालत वीस मिनिटांवर होतं. डॉन्कास्टर म्हणजे लंडन ते एडिंबरो या पूर्वेकडच्या मुख्य मार्गावरचं मोठं ठाणं. रेल्वेचा जुना कारखानाही तिथेच. 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९२३ साली याच कारखान्यातून बाहेर पडलं आणि १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं 'मॅलार्ड'ही इथलंच. अर्थात मी पोहोचलो तेव्हा वाफेचा जमाना संपून आठ वर्षं झाली होती. रुळांवर राज्य होतं डिझेलचं.

एका शनिवारी आईनं मला पाव आणायला पाठवलं आणि मी स्टेशनवर जाऊन पोहोचलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दहा-बारा मुलं वह्या घेऊन उभी होती. तेवढ्यात दुरून एक घुमणारा आवाज आला. आपल्याकडच्या इंजिनाच्या धडधडीसारखा तो नव्हता. मोठ्या भुंग्यांचा थवाच जणू जमिनीखालून येतो आहे, असं वाटलं. निळं, पिवळ्या नाकाचं एक धूड मधल्या रुळांवरून आमच्यासमोरून गेलं आणि प्लॅटफॉर्म पायाखाली थरथरला. शेजारच्या लाल केसांच्या मुलानं वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "डेल्टिक!"

त्या देशात माझ्याशी आपणहून बोललेला तो पहिला मुलगा. पाव आणायचा राहूनच गेला.

डेल्टिकबद्दल थोडं सांगायलाच हवं. ही फक्त बावीस इंजिनं होती. १९६१-६२ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं ती बांधली. प्रत्येकात नेपियर कंपनीची दोन डिझेल यंत्रं, मिळून ३,३०० अश्वशक्ती आणि ताशी १०० मैलांचा वेग. यंत्राची रचना मोठी गमतीची. सिलिंडर त्रिकोणाच्या तीन बाजूंनी मांडलेले, म्हणून ग्रीक 'डेल्टा' अक्षरावरून नाव. एका यंत्रात १८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन दट्ट्ये, म्हणजे ३६. हे यंत्र मुळात ब्रिटिश नौदलाच्या वेगवान गस्ती नौकांसाठी तयार झालेलं, म्हणून तो वेगळा आवाज. या बावीस जणांना नावंही होती. काही लष्करी पलटणींची, काही शर्यती जिंकलेल्या घोड्यांची: 'मेल्ड', 'पिंझा', 'निंबस', 'तुल्यार'. यातल्या तुल्यार घोड्यानं १९५२ साली सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली होती, आणि ती शर्यत डॉन्कास्टरच्याच मैदानावर होते. त्यामुळे '५५०१५ तुल्यार' म्हणजे आमच्या गावचं इंजिन, असं आम्ही पोरांनी ठरवूनच टाकलं होतं.

बाकी इंजिनांचीही ओळख होत गेली. क्लास ४७ तर पाचशेच्या वर, त्यामुळे ते आलं की सगळे कंटाळून चहा प्यायला जात. क्लास ४० लांबूनच शीळ घालत यायचं. क्लास ३७ कोळशाच्या वाघिणी ओढत असायचं. इंजिनांचे सगळे नंबर छापलेली इयन ॲलन प्रकाशनाची छोटी पुस्तकं मिळत. एखादं इंजिन पाहिलं की त्याच्या नंबराखाली पट्टीनं रेघ मारायची. माझं इंग्रजी त्या प्लॅटफॉर्मवर सुधारलं, आणि माझं नावही तिथल्या पोरांनीच पहिल्यांदा नीट उच्चारलं.

मग फोटोंचं वेड लागलं. पहिला कॅमेरा कोडॅक इन्स्टामॅटिक. त्यात फिल्मची डबी नुसती बसवायची आणि बटण दाबायचं. चौकोनी फोटो यायचे. उभं इंजिन ठीक यायचं, पण धावणारं म्हणजे नुसता निळा फराटा. बाबांनी एक दिवस ते फोटो पाहिले. काही बोलले नाहीत. चौदाव्या वाढदिवसाला मात्र त्यांनी माझ्या हातात एक जड पुडकं ठेवलं. आत जुना, कोणीतरी वापरलेला झेनिट-ई कॅमेरा. रशियन, विटेसारखा वजनदार. शटर जास्तीत जास्त सेकंदाचा पाचशेवा भाग.

त्या कॅमेऱ्यावर मी शिकलो. गाडी समोरून तिरकी येत असताना टिपायची, म्हणजे कमी हलते. इंजिन जिथे हवं तिथल्या स्लीपरवर आधीच फोकस करून ठेवायचा आणि नाक तिथे पोहोचलं की बटण दाबायचं. उन्हाळ्यात रंगीत कोडाक्रोम. त्याच्या किमतीतच धुण्याचा खर्च असायचा, फिल्म टपालानं पाठवायची आणि स्लाइड्सची वाट बघत बसायचं. हिवाळ्यात कृष्णधवल एचपी-५, कारण तिथल्या जानेवारीत उजेड म्हणजे आपल्याकडचा दिवेलागणीचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. खाऊचे पैसे साठवून महिन्याला एक रोल परवडायचा. म्हणजे एकही फोटो वाया घालवायचा नाही.

आणि इथेच बाबा मध्ये येत.

रात्रपाळी करून आलेला माणूस शनिवारी सकाळी झोपेल की नाही? पण बाबा आंघोळ करून, थर्मासमध्ये चहा आणि आईनं फॉइलमध्ये गुंडाळून दिलेली पोळी-भाजी घेऊन माझ्याबरोबर निघायचे. तपकिरी ओव्हरकोट, कानटोपी, गळ्यात आईनं विणलेला मफलर. त्यांना इंजिनांतलं काही कळत नव्हतं. सगळी निळी इंजिनं त्यांना सारखीच दिसायची. गाडी यायची वेळ झाली, की हा कोट नेमका माझ्या चौकटीत असायचा आणि मी ओरडायचो, "अहो बाबा, जरा बाजूला व्हा!" ते लगबगीनं दोन पावलं सरकायचे. "आता?" "अजून!" सहा वर्षं हे चाललं.

एकदाच ते माझ्या विषयात शिरले. ग्रंथालयातून एक जाड पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "अरे, तुझी ही डेल्टिक न्यूटन-ल-विलोजच्या वल्कन फाउंड्रीत बांधली ना? १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची इंजिनं त्याच कारखान्यातली! म्हणजे ही आपल्या घरचीच की." मी कॅमेऱ्याची काच पुसत होतो. "हं," म्हटलं. सोळा वर्षांचा होतो. त्या माणसानं रात्रपाळ्यांमधून वेळ काढून हे का शोधलं असेल, हे कळायचं वय नव्हतं.

१९७८ पासून त्या मार्गावर ताशी १२५ मैलांच्या नव्या हायस्पीड गाड्या आल्या आणि डेल्टिक एकेक करून बाजूला पडू लागल्या. शेवटची गाडी ठरली २ जानेवारी १९८२, शनिवार. लंडनहून एडिंबरोला जायची आणि परत यायची. जाताना इंजिन कुठलं? तुल्यार!

त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. म्हातारे ड्रायव्हर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, टेपरेकॉर्डर उंच धरलेली माणसं. बाबा रात्रपाळीवरून थेट आलेले, दाढीही केलेली नव्हती. लोकांच्या रेट्यात माझी जागा जाऊ नये म्हणून ते माझ्या डाव्या बाजूला हात पसरून उभे राहिले. तो भुंग्यांचा आवाज आला. मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि सवयीनं ओरडलो, "बाबा, बाजूला व्हा!" नाक स्लीपरवर आलं. बटण दाबलं. गाडी गेली. लोक टाळ्या वाजवत होते, काही रडत होते. संध्याकाळी अंधारात 'रॉयल स्कॉट्स ग्रे' हे इंजिन तीच गाडी घेऊन परतलं, पण तेव्हा माझ्या फिल्ममध्ये टिपण्याएवढा उजेड उरला नव्हता.

तुल्यारचा तो फोटो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला. मी तो स्वतः मोठा करून छापला, चौकट केली. त्या फेब्रुवारीत डॉन्कास्टरचा कारखाना लोकांसाठी खुला झाला, तेव्हा ओळीनं उभ्या केलेल्या डेल्टिक पाहिल्या. बऱ्याचशा तिथेच तोडल्या गेल्या. दोन वर्षांनी आम्ही बडोद्याला परत आलो. तो फोटो माझ्या टेबलावर राहिला आणि बाकीचे डबे माळ्यावर गेले.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला लावायला फोटो शोधला तेव्हा लक्षात आलं की त्यांचे लग्नातले फोटो आहेत, पासपोर्टचा आहे, निवृत्तीच्या समारंभाचा आहे. डॉन्कास्टरच्या आठ वर्षांतला एकही नाही. घरात कॅमेरा एकाकडेच होता आणि तो इंजिनांचे फोटो काढत होता.

तर ते डबे. पुतणीनं टाकले नाहीत. तिनं स्कॅनर आणून रोज रात्री पन्नासेक निगेटिव्ह संगणकावर चढवल्या. एका रात्री तिचा फोन आला. "काका, तुमच्या टेबलावरचा तो निळ्या... म्हणजे काळ्या-पांढऱ्या इंजिनाचा फोटो आहे ना? त्याची पूर्ण निगेटिव्ह मिळाली. डाव्या कडेला हे कोण आहेत?"

मी गेलो. पडद्यावर तुल्यार होतं, तसंच. पण माझ्या छापील फोटोत नसलेली एक पट्टी डावीकडे होती. कानटोपी, मफलर, अर्धा ओव्हरकोट, पसरलेला एक हात. फोटोत शंभरेक माणसं असतील आणि प्रत्येकाची नजर इंजिनावर आहे. एकच माणूस इंजिनाकडे पाठ करून उभा आहे आणि कॅमेऱ्याकडे बघतो आहे. म्हणजे माझ्याकडे. दाढी वाढलेली, डोळे झोपेनं जड, आणि चेहऱ्यावर हसू, की मिळाला ना पोराला फोटो!

ही पट्टी १९८२ साली मीच कापली होती. "कोट मध्ये येतो" म्हणून.

बावीसपैकी सहा डेल्टिक आजही शाबूत आहेत. त्यांतल्या बहुतेक शौकिनांनी पदरमोड करून वाचवल्या. तुल्यारही त्यांत आहे. कोणालाही जाऊन बघता येतात, त्यांचे हजारो फोटो मिळतात. माझ्या चार वह्या आणि शेकडो निगेटिव्ह नसत्या तरी जगाचं काही अडलं नसतं. त्या प्लॅटफॉर्मवरच्या टपालाच्या हातगाड्या, लाकडी बाकं, तो लाल केसांचा मुलगा, थर्मास धरलेले बाबा, हे मात्र कोणी वाचवलं नाही. जे काही वाचलं, ते चौकटीच्या कडेला चुकून राहिलं म्हणून.

मुलांनो, तुम्हाला उपदेश करायचा हक्क मला नाही. एवढंच सुचवतो: घरातल्या जुन्या निगेटिव्ह टाकण्याआधी उजेडात धरून कडेपर्यंत बघा. आणि घरात ज्याच्या हातात नेहमी फोन असतो, त्यानं सणावाराला तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावा.

टेबलावरचा फोटो आता बदलला आहे. नवी चौकट थोडी रुंद करून घ्यावी लागली.